विखुरलेली वही आणि तिची पारख



वसंतातल्या संध्याकाळी, दिवसभराचे ऊन उतरून वारा सुटला असताना, 'विखुरलेल्या डेटाबेसच्या स्वयंचलित चाचण्यांची मांडणी' असला रुक्ष विषय घेऊन कोणी आपल्यापुढे उभे राहावे, हा आपल्या सहनशीलतेवर थोडा अन्यायच आहे. फलकावरचा विषय वाचून काही मंडळी दारातूनच परत गेली असली, तर आम्ही त्यांना दोष देत नाही. जी आत येऊन बसली आहेत, त्यांना मात्र एक आश्वासन देतो. गणिताचे एकही सूत्र आज फळ्यावर पडणार नाही. आम्हांला सांगायची आहे ती एका वहीची गोष्ट, आणि त्या वहीपायी विनाकारण बालंट आलेल्या एका माणसाची.

आम्ही संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारी माणसे. गेली बरीच वर्षे आम्ही काहीजण मिळून अशाच एका डेटाबेसची बांधणी व देखभाल करीत आहोत. म्हणून आजच्या बोलण्यात जेथे जेथे 'आम्ही' हा शब्द येईल, तेथे त्यात आमचे श्रम जसे आले तशा आमच्या चुकाही आल्या, असे धरून चालावे.

आता विषयाकडे वळू. आज सकाळी आपल्यापैकी कोणी वाण्याच्या दुकानात फोन पुढे धरून पैसे दिले असतील, कोणी रेल्वेचे तिकीट काढले असेल, कोणी बँकेतली शिल्लक पाहिली असेल. या प्रत्येक वेळी कोठेतरी एका वहीत एक नोंद झाली. डेटाबेस म्हणजे ही वही. पूर्वी ती एका पेढीत, एका कपाटात, एका मुनिमाच्या ताब्यात असे. आज ती पुष्कळदा एका ठिकाणी नसते. अनेक यंत्रांवर तिच्या प्रती असतात, कधी ती यंत्रे निरनिराळ्या शहरांतही असतात, आणि ही सर्व यंत्रे मिळून 'आम्ही एकच वही आहोत' असे जगाला भासवीत असतात. अशा डेटाबेसला आम्ही विखुरलेला म्हणतो.

हे भासवणे सोपे नाही. समजा, एका पतपेढीच्या तीन गावी तीन शाखा आहेत आणि प्रत्येक शाखेत हिशेबाची संपूर्ण प्रत आहे. नियम असा की, कोणतीही नोंद तिघांपैकी निदान दोघांच्या वहीत उतरली म्हणजेच ती पक्की मानायची. नियम शहाणपणाचा आहे. एका शाखेला आग लागली तरी राहिलेल्या दोघींपैकी निदान एकीकडे प्रत्येक पक्की नोंद सापडतेच. आता एके दुपारी तिसऱ्या गावाची तार तुटली. तिथल्या कारकुनाला बाकीच्या दोन शाखांकडून उत्तर येईनासे झाले. त्याने काय समजावे? त्या शाखा बंद पडल्या? तिथले लोक जेवायला गेले? की आपलीच तार तुटली? पलीकडच्या शांततेचा अर्थ त्याला कधीही खात्रीने कळत नाही. विखुरलेल्या वहीचे सगळे दुखणे या एका वाक्यात आहे. १९८५ साली फिशर, लिंच आणि पॅटरसन या तीन संशोधकांनी तर गणिताने सिद्ध करून दाखवले की, निरोप पोहोचायला किती वेळ लागेल याला मर्यादा नसेल आणि एक जरी घटक बंद पडण्याचा संभव असेल, तर सर्वांचे एकमत नेहमी होईलच अशी हमी देणारी ठरीव पद्धत असू शकत नाही. तेव्हा आम्ही लोक जे करतो, ते या अशक्यतेच्या कडेकडेने, वेळेच्या अंदाजांचा आणि बहुमताचा आधार घेत चालणे होय.

या कडेवरून पाय घसरला म्हणजे काय होते, याचे एक जगजाहीर उदाहरण आहे. जगभरचे प्रोग्रॅमर ज्या ठिकाणी आपले कोड ठेवतात, त्या गिटहबमध्ये २१ ऑक्टोबर २०१८ रोजी देखभालीच्या एका नेहमीच्या कामात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दोन ठिकाणांमधले दळणवळण तुटले. किती वेळ? अवघे ४३ सेकंद. पण तेवढ्या अवधीत देखरेख करणाऱ्या यंत्रणेने पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रतीला मुख्य वही म्हणून नेमले. तार जोडली गेली तेव्हा दोन्ही किनाऱ्यांवर अशा नोंदी होत्या, ज्या दुसरीकडे नव्हत्या. त्या मंडळींनी घाई न करता, नोंदी हरवू न देणे हेच आधी मानले आणि सर्व घडी नीट बसवली. त्याला २४ तास ११ मिनिटे लागली. पाऊण मिनिटाचा अबोला निस्तरायला एक संपूर्ण दिवस!

मग अशी वही बरोबर चालते की नाही, हे तपासायचे कसे? येथे स्वयंचलित चाचणी येते. चाचणी म्हणजे एक छोटी आज्ञावली, जी मोठ्या आज्ञावलीला प्रश्न विचारते आणि उत्तर पडताळून पाहते. 'खात्यात शंभर जमा कर. आता शिल्लक सांग. शंभर आली का?' ही झाली अगदी बाळबोध चाचणी. 'तीन यंत्रे चालू कर. जमा करीत असता मधेच एक बंद पाड. ते पुन्हा उठव. आता तिघांनाही शिल्लक विचार' ही जरा प्रौढ चाचणी. कोडमध्ये कोणी एक ओळ बदलली की या चाचण्या माणसाच्या मदतीवाचून पुन्हा चालतात आणि हिरवा किंवा लाल दिवा दाखवतात.

एखादी चाचणी लिहिणे फारसे अवघड नाही. पुष्कळ चाचण्या घेऊन संसार करणे अवघड आहे. आणि त्या पुष्कळच होतात. एसक्यूलाइट नावाचा जो लहानसा डेटाबेस आपल्या बहुतेकांच्या फोनमध्ये बसलेला आहे, तो विखुरलेला नाही, एकाच यंत्रापुरता आहे. तरी त्याच्या कर्त्यांनी दिलेल्या आकड्यांप्रमाणे, मूळ कोड सुमारे १,५६,००० ओळींचा असता त्याच्या चाचण्यांचे कोड त्याच्या ५९० पट आहे. घरापेक्षा पहारेकऱ्यांची वस्ती मोठी! ही वस्ती नीट वसवली नाही तर काय होते, हे ज्याने माळ्यावरची अडगळ उपसली आहे त्याला सांगायला नको. वस्तू आहे हे माहीत असते. कोठे आहे, कोणाची आहे, अजून चालते का, हे कोणालाच माहीत नसते.

मांडणीचा पहिला प्रश्न असा की, कोणती चाचणी कोठे ठेवावी. एक चाचणी एकच लहान कृती तपासते. तिला वही लागत नाही, तार लागत नाही, ती क्षणार्धात संपते. दुसरी एकाच यंत्रावर अनेक शाखांचे सोंग उभे करते. तिसरीला खरी यंत्रे, खऱ्या तारा आणि कित्येक तास लागतात. या तिघी एका पिशवीत कोंबल्या की झटपट होणाऱ्या चाचणीलाही सावकाश होणारीसाठी ताटकळावे लागते. कॅसँड्रा हा विख्यात विखुरलेला डेटाबेस घ्या. त्याच्या कोडच्या भांडारात चाचण्यांचे वेगवेगळे कप्पे आहेत. सुट्या कृतींचा एक, लांबणाऱ्या चाचण्यांचा एक, तापवून पाहणाऱ्यांचा एक, अनेक यंत्रांच्या सोंगाचा एक. परंतु पूर्वी त्याच्या बहुयंत्री चाचण्या प्रामुख्याने एका वेगळ्याच भांडारात, वेगळ्याच भाषेत होत्या. डेटाबेस जावा भाषेत, चाचण्या पायथनमध्ये. त्या आजही आहेत व उपयोगी आहेत. तथापि पुढे त्या मंडळींनी अनेक शाखा एकाच प्रक्रियेत उभ्या करण्याची सोय करून, मूळ कोडच्या शेजारीच नव्या चाचण्यांचे घर बांधले. याचा फायदा आम्ही आमच्या अनुभवावरून सांगू शकतो. चाचणी कोडच्या शेजारी राहिली म्हणजे कोड बदलणाऱ्याच्या नजरेस पडते. ती दूर राहायला गेली की नातेवाइकासारखी लग्नकार्यालाच आठवते.

दुसरा प्रश्न, कोणती चाचणी केव्हा चालवावी. वेळ ही येथे खरी संपत्ती आहे. कोड बदलणाऱ्याला उत्तर काही मिनिटांत मिळाले, तर त्याच्या डोक्यात तो बदल अजून ताजा असतो. दुसऱ्या दिवशी मिळाले तर त्याला पुन्हा आठवावे लागते. आठवड्याने मिळाले तर तो म्हणतो, हे माझ्यामुळे नसेलच. म्हणून चाचण्यांच्या पाळ्या लावाव्या लागतात. बदल भांडारात घेण्यापूर्वी झटपट चालणाऱ्या, रात्रपाळीला मोठ्या, आणि आठवड्याच्या शेवटी सर्वांत जड. स्वयंपाकघरात मीठ बोटाने लगेच चाखतात आणि लोणचे मुरल्यावर पाहतात. दोन्हींना एकच वेळ लावणारी सुगरण आम्ही पाहिलेली नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत साधा, आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. चाचणी कोणाची? कॉक्रोच-डीबी या डेटाबेसच्या मोठ्या रात्रचाचण्यांत एक चांगला रिवाज आहे. प्रत्येक चाचणी आपल्याला किती यंत्रे लागतात आणि आपला धनी कोणता गट आहे, हे कोडमध्येच जाहीर करते. रात्री ती पडली की सकाळी त्या गटाच्या नावे तक्रार आपोआप दाखल झालेली असते. सार्वजनिक नळ गळत असला तर येणारा जाणारा 'नगरपालिकेने पाहावे' म्हणून पुढे जातो. घरचा नळ गळला तर त्याच दिवशी वायसर येतो. धनी ठरवणे म्हणजे नळाला घर देणे.

श्रोतेहो, येथवरचे कोणालाही पटेल. अवघड भाग यापुढे आहे. काही चाचण्या लहरी असतात. तेच कोड, तीच चाचणी; सकाळी हिरवा दिवा, दुपारी लाल, पुन्हा चालवली की हिरवा. ही लहर किती पसरलेली असते? गूगलच्या एका अभियंत्याने २०१६ साली आपल्या संस्थेचे आकडे प्रसिद्ध केले. त्यांच्याकडे चाचण्या चालण्याच्या एकूण प्रसंगांपैकी सुमारे दीड टक्का निकाल लहरी होते आणि सुमारे १६ टक्के चाचण्यांत थोडी तरी लहर होती. एखादी चालणारी चाचणी एकाएकी पडलेली दिसली, तर अशा प्रसंगांपैकी ८४ टक्क्यांत लहरी चाचणीचा हात होता. याचा अर्थ काय? लाल दिवा लागला तर बहुधा काही बिघडलेले नाही, असे कामगाराला रोजच्या अनुभवाने शिकवले जाते. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. तीत आपण ओरडणाऱ्या पोराला दोष देतो. पण ज्या दिवशी लांडगा खरोखर आला, त्या दिवशी मेंढ्या गेल्या त्या कोणाच्या?

आता आमची गोष्ट. आमच्याकडे एक चाचणी होती. तीन यंत्रे उभी करायची, नोंदी सुरू ठेवायच्या, मुख्य यंत्राची तार मधेच तोडायची, दुसरे यंत्र मुख्य झाले की तार जोडायची आणि शेवटी नोंदी मोजायच्या. शेकडो वेळा ती बरोबर येई; एखाद्या वेळी एक नोंद जास्त भरे. जास्त! हरवली असती तर आम्ही दचकलो असतो. एक जास्त भरली तर मोजणीतच काही चूक असेल, असे आम्ही मानले. प्रथम आम्ही 'पुन्हा चालवा' म्हणू लागलो. मग चाचणी पडली तर तिने आपली आपणच तीनदा चालावे, अशी सोय केली. शेवटी 'तूर्त बाजूला' अशा नावाची एक यादी होती, तीत तिची रवानगी झाली. 'तूर्त' या शब्दाला आमच्याकडे मुदत नव्हती. त्या यादीला धनीही नव्हता.

पुढे आमचा डेटाबेस वापरणाऱ्या एका संस्थेच्या धान्यगोदामात एका संध्याकाळी तार काही क्षण तुटली. चाळीस पोती आत आल्याची नोंद मुख्य यंत्राने घेतली, बहुमतही मिळवले, पण 'नोंद झाली' हा निरोप परत जाण्यापूर्वीच ते यंत्र एकटे पडले. इकडे नोंद करणाऱ्या आज्ञावलीला उत्तर आले नाही. तिने शहाण्या मुलासारखी तीच नोंद नव्या मुख्य यंत्राकडे पुन्हा पाठवली. ही नोंद आधीच झालेली आहे, हे ओळखण्याची खूण आमच्या कोडने त्या एका वाटेवर तपासलीच नव्हती. वहीत ऐंशी पोती झाली, गोदामात चाळीस. महिनाअखेरीच्या मोजदादीत चाळीस पोत्यांची तूट निघाली आणि गोदामाच्या कारकुनाकडे खुलासा मागितला गेला. संगणकाची वही कशी चुकेल? माणूसच चुकला असणार, किंबहुना त्याहून वाईट काही. आठ दिवस त्या गृहस्थांनी मान खाली घालून काढले. त्यांनी पावत्या, गाडीचालकांच्या सह्या, सारे एकेक करून जुळवले, तेव्हा वहीतल्या दोन ओळी शब्दशः एकच असल्याचे दिसले.

आम्ही त्यांची माफी मागायला गेलो. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, पोती मोजता येतात म्हणून मी वाचलो. ज्यांचं सगळं तुमच्या वहीतच आहे, त्यांनी काय मोजायचं?"

परत आल्यावर आम्ही ती 'तूर्त बाजूला' यादी उघडली. आमची चाचणी तेथे होती. तिने हा दोष पुष्कळ आधी पकडला होता. साक्षीदार खरे बोलत होता आणि आम्ही त्याला बाहेर बसवले होते.

त्यानंतर आम्ही जे केले ते मांडणीचेच काम होते. नवी चाचणी आम्ही प्रथम एकही लिहिली नाही. यादीतल्या प्रत्येक चाचणीला धनी दिला आणि दोन आठवड्यांची मुदत दिली. या मुदतीत ती दुरुस्त व्हावी, नाहीतर का काढून टाकली हे नाव घालून लिहावे. 'पुन्हा चालवा' म्हणणाऱ्याने पहिल्या पडझडीची नोंद जपलीच पाहिजे, असा नियम केला. मग एकेक चाचणी उलगडत गेलो. पुष्कळ ठिकाणी दोष चाचणीतच होता. काही ठिकाणी तो आमच्या वहीत होता. कोणता कोठे आहे हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नव्हते, हाच आम्हांला मिळालेला धडा.

चाचणीतल्या दोषांविषयी थोडे सांगण्यासारखे आहे. २०१४ साली काही संशोधकांनी अपाचे संस्थेच्या ५१ प्रकल्पांतल्या लहरी चाचण्यांच्या २०१ दुरुस्त्या अभ्यासल्या. ज्यांचे कारण नीट ठरवता आले, त्यांपैकी सुमारे ४५ टक्क्यांत कारण एकच होते. एखादी गोष्ट घडली का हे न पाहता चाचणी काही सेकंद नुसती थांबे आणि ती घडली असेल असे धरून चाले. आधण आले का हे पाहण्याऐवजी घड्याळात तीन मिनिटे झाली म्हणून चहाची पूड टाकावी, त्यातला हा प्रकार. चूल मंद असली की चहा कच्चा. दुसरे एक कारण म्हणजे चाचण्यांचे एकमेकींवर अवलंबून असणे. एकीने मांडलेला पसारा दुसरीच्या पायात येतो. उपाय घरगुतीच आहे. प्रत्येकीने आपले ताट आपण मांडावे आणि आपण उचलावे.

परंतु विखुरलेल्या वहीत एक लहर अशी आहे, जी या शिस्तीनेही जात नाही. कोणत्या यंत्राचा निरोप आधी पोहोचला, तार नेमकी कोणत्या क्षणी तुटली, यावर सारे अवलंबून असते, आणि तो क्षण पुन्हा तसाच आणता येत नाही. दोष दिसतो, हात घालावा तर निसटतो. यावर फाउंडेशन-डीबी या डेटाबेसच्या कर्त्यांनी जी तोड काढली, ती आमच्या धंद्यातल्या अत्यंत सुंदर कल्पनांपैकी एक आहे. त्यांनी डेटाबेस बांधण्यापूर्वीच त्याच्या परीक्षेचे जग बांधले. या जगात सर्व यंत्रे एकाच प्रक्रियेत, एका धाग्यावर चालतात. तारा नाटकी, तबकड्या नाटकी, घड्याळही नाटकी. यंत्रे वाट पाहत असली की घड्याळ सरळ पुढे ढकलायचे. त्यामुळे कल्पित काळ खऱ्या काळाहून पुष्कळ वेगाने सरतो. संकटे फाशांनी ठरतात. कोणते यंत्र बंद पडेल, कोणती तार तुंबेल, हे सारे फाशांवर. कधी काही यंत्रांचे दळणवळण एकेक करून तुंबवायचे आणि मग निराळ्याच क्रमाने मोकळे करायचे. पण मौज अशी की हे फासेही नाटकी! एका मूळ आकड्यावरून, त्याला ते बीज म्हणतात, सर्व फाशांची दाने ठरतात. दोष सापडला तर तेवढा आकडा टिपून ठेवायचा. तोच आकडा, तेच कोड, म्हणजे तीच संकटे त्याच क्रमाने आणि तोच दोष, हवा तितक्या वेळा. एका बीजातून तेच झाड पुन्हा पुन्हा उगवते. हा डेटाबेस पुढे २०१५ साली अ‍ॅपल कंपनीने घेतला आणि २०१८ साली त्याचे कोड सर्वांना खुले झाले.

या सोयीची किंमत मात्र आधी मोजावी लागते. कोडने खऱ्या घड्याळाकडे वा खऱ्या तारेकडे परस्पर जायचे नाही, हा नियम पहिल्या ओळीपासून पाळावा लागतो. त्यासाठी त्या मंडळींनी सी-प्लस-प्लस भाषेला जोड देऊन आपली भाषाही घडवली. चाचणीची सोय घराच्या पायात हवी. घर बांधून झाल्यावर ती माळ्यावर बसवायची म्हणजे भिंती फोडाव्या लागतात. शिवाय या नाटकी जगालाही मर्यादा आहे. वेग पुरेसा आहे का, बाहेरून आणलेले कोड कसे वागते, याची पारख तेथे नीट होत नाही. त्यासाठी खऱ्या यंत्रांवरच्या रात्रपाळ्या राहतातच. पुन्हा मांडणीचाच मुद्दा आला. प्रत्येक पहारेकऱ्याला त्याला दिसू शकेल तोच दरवाजा द्यावा.

आणि बाहेरचा हिशेब तपासनीसही हवा. २०१३ पासून काइल किंग्सबरी यांनी जेपसेन या नावाने हे काम आरंभले. त्यांची पद्धत अशी. काही यंत्रांवर, पुष्कळदा पाच यंत्रांवर, डेटाबेस उभारायचा, ग्राहकांची सोंगे घेऊन नोंदी करायच्या, दुसरीकडून तारा तोडायच्या, आणि कोणी काय मागितले व काय उत्तर मिळाले याचा इतिहास टिपून ठेवायचा. मग शांतपणे तपासायचे की, असा इतिहास एका प्रामाणिक वहीतून निघू शकला असता काय? अनेक नामांकित डेटाबेसांच्या जाहिराती या प्रश्नापुढे टिकल्या नाहीत. पुढे काही कर्त्यांनी हीच तपासणी आपल्या नित्याच्या पाळीत घेतली.

हे सर्व ऐकून असे वाटेल की, हे प्रचंड साधनांचे काम आहे, लहानांचे नव्हे. त्यावर एक दिलासा देतो. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली पाच विखुरलेल्या प्रणालींतले १९८ खरे बिघाड तपासले. त्यांतले ९८ टक्के तीन किंवा त्याहून कमी यंत्रांत पुन्हा घडवता येत होते. ७७ टक्के तर सुट्या कृतीच्या लहान चाचणीतही पकडता आले असते. आणि जे बिघाड सर्वांत घातक ठरले, त्यांपैकी ९२ टक्क्यांचे कारण असे की, चुकीची सूचना प्रणालीने स्पष्ट दिलेली होती; ती सूचना मिळाल्यावर काय करायचे, हे सांगणारे कोड चुकलेले होते. काही ठिकाणी तर तेथे 'हे पुढे करू' एवढीच टीप होती! संकट आले यापेक्षा, संकटाची वर्दी आल्यावर आपण काय केले, यात घात होता. आमच्या चाळीस पोत्यांचे तरी दुसरे काय होते?

येथे कोणी शंका काढील की, पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा? चाचणीच चुकीची असेल तर? शंका रास्त आहे. कायम हिरवा दिवा दाखवणारी चाचणी कदाचित काहीच पाहत नसेल. म्हणून आम्ही अधूनमधून मुद्दाम कोडमध्ये दोष घालतो, बहुमताच्या नियमातला 'दोन' खोडून 'एक' लिहितो, आणि कोणता दिवा लाल होतो ते पाहतो. एकही झाला नाही, तर त्या दिवशी आम्ही दुसरे काम करीत नाही. इतके करूनही चाचणीने दोष असल्याचे दाखवता येते, नसल्याचे सिद्ध करता येत नाही. तेवढी नम्रता या धंद्यात बाळगावीच लागते.

आता समारोप करतो. चाचण्यांची मांडणी म्हणजे टापटिपीचा शौक, असे आम्हीही एकेकाळी समजत होतो. चाचणी कोठे राहते, केव्हा चालते, कोणाची आहे, आणि पडली तर तीच पडझड पुन्हा घडवून दाखवता येते का, या चार प्रश्नांची उत्तरे जेथे तयार नाहीत, तेथे लाल दिव्याचा अर्थ ज्याच्या त्याच्या सोयीने लावला जातो. आणि त्या सोयीचे मोल वही लिहिणाऱ्याला पडत नाही. ते दूर कोठेतरी, वहीवर विश्वास टाकलेल्या माणसाला पडते.

आपण सर्वजण आज अशा वह्यांच्या भरवशावर आहोत. आपण आमचे कोड वाचावे अशी अपेक्षा नाही. पण उद्या एखाद्या खिडकीवर कोणी 'संगणक असे म्हणतो, म्हणजे तुमचेच चुकले' असे सांगू लागला, तर त्या कारकुनाची आठवण ठेवा आणि आपली पावती जपून ठेवा. आमच्या बाजूने आम्ही एवढेच वचन देतो की, खरे बोलणाऱ्या साक्षीदाराला पुन्हा बाहेर बसवणार नाही. आमच्या कामाच्या खोलीत ती जुनी चाचणी आजही रोज चालते. तिचे पहिले नाव लांबलचक आणि रुक्ष होते. आता तिला सगळे 'चाळीस पोती' म्हणतात.